सासऱ्यांच्या दोन दाढा आणि कडबोळ्यांचा डबा

ब्रह्मदेवाने हे जग घडवलं तेव्हा तपासणीला माझे सासरे हजर नव्हते, हे आपल्या सगळ्यांचं थोर नशीब. असते तर पृथ्वी वरून-खालून चपटी म्हणून परत गेली असती, चंद्र डागाळलेला म्हणून बाजूला पडला असता, आणि माणसाची गत तर विचारूच नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सासऱ्यांनी उभं आयुष्य इन्स्पेक्टर म्हणून काढलं. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला बोल्ट हातात घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा, नाक मुरडायचं, त्यावर लाल रंगाची फुली मारायची आणि "रिजेक्ट" म्हणून टोपलीत टाकायचा. या कामाचा त्यांना पगार मिळायचा याचं मला आजही आश्चर्य वाटतं, कारण घरी ते हेच काम फुकट आणि जास्त मनापासून करायचे. निवृत्तीच्या समारंभात कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शालीचा काठ एका बाजूला रुंद निघाला, नारळात पाणी कमी निघालं, आणि घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं म्हणून ते तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर परत नेऊन देऊन आले. वर वॉचमनकडून पोच घेतली.

त्यांचा आवडता शब्द "हलतंय". वर्तकनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला आधी धरून हलवून बघितलं जायचं. खुर्ची, स्टूल, गॅसची शेगडी, गणपतीचं मखर, सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले केळीचे खांब. एकदा पूजा सांगायला आलेल्या गुरुजींना त्यांनी उठवून त्यांच्या पाटाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती, आणि तीसुद्धा संकल्प चालू असताना. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला डोंबिवलीहून गेलेलो, साल असेल ऐंशी-एक्क्याऐंशी, तेव्हा मी ज्या खुर्चीत बसलो होतो तिची पाठ त्यांनी मागून दोन्ही हातांनी धरली आणि मला तिच्यासकट गदागदा हलवलं. माझ्या हातातला चहा माझ्या नव्या पँटवर. "खुर्ची पक्की आहे," ते बायकोकडे बघून म्हणाले, "हेच हलतायत." मी बँकेत कायम नोकरीवर होतो, घरचं बरं होतं, दिसायलाही कुणाला दचकायला होईल असा नव्हतो. तरी माझ्यावरची लाल फुली पुढची पंधरा वर्षं निघाली नाही. दर दिवाळीला माझ्या पायापासून डोक्यापर्यंत एक नजर फिरायची आणि "काय जावईबापू, बरं चाललंय ना?" असं विचारलं जायचं. त्यात "अजून पडला कसे नाहीत?" एवढंच भरलेलं असायचं.

या माणसाने जन्मात एकच वस्तू पास केली. सासूबाईंची कडबोळी. त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी भाजणीचं पीठ मळून कडबोळी केली होती, आणि नवऱ्याने ती व्हर्नियर लावून मोजली होती. हे मला खुद्द सासूबाईंनी सांगितलं, वर लाजल्या. सगळ्यांची जाडी एकसारखी. जोड कुठे दिसेना. आणि कडक तर अशी, की पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या दोन वर्षांच्या चिरंजीवांनी एक जमिनीवर आपटलं तेव्हा शेजारचे बघायला आले होते. सासऱ्यांनी ते पहिलं कडबोळं दाढेखाली घातलं, कट्टकन आवाज आला, आणि ते म्हणाले, "ओके." त्यांच्या मते यापुढचं कौतुक म्हणजे चहाटळपणा. पण तेव्हापासून दरवर्षी दिवाळीला सासूबाई तो पितळी डबा भरायच्या, ते पहिलं कडबोळं फोडायचे, ओके म्हणायचे, आणि सासूबाई पदराला हात पुसत पुढच्या वर्षापर्यंत तृप्त व्हायच्या. मला त्यांची दया यायची. आता वाटतं, मलाच काही कळत नव्हतं.

तर अशा माणसाच्या दाढा गेल्या. आपोआप जातील कशा, त्यांनी घालवल्या. घरात पक्कड असताना वायरचं प्लास्टिक दाढेखाली धरून सोलायचं, सोड्याच्या बाटलीचं बूच दाढेने उघडायचं, शिडीवर चढताना स्क्रू तोंडात आणि पान्हा दाढेत. डावीकडच्या दाढा चाळिशीतच गेलेल्या, उजवीकडच्या दोन खालच्या दाढांवर सगळा संसार चालला होता. साठी उलटल्यावर त्याही सहा महिन्यांच्या अंतराने गेल्या. त्या दिवाळीला सासूबाईंनी चकली केली, चिवडा केला, आणि कडबोळ्यांचा डबा माळ्यावरून काढलाच नाही. "ज्यांनी फोडायचं त्यांनाच चावत नाही, तर करू कुणासाठी?" त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. सासरे गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, हे मी पाहिलं.

ठाण्यातल्या एका वयस्कर दंतवैद्याने त्यांना काढघालीची कवळी दिली. ती घरी आल्याबरोबर अर्थातच हलली. मग सासऱ्यांनी ती आपल्या व्हाइसच्या जबड्यात आवळून कानशीने घासायला घेतली. रोज थोडी थोडी, चार दिवस. पाचव्या दिवशी ती इतकी सुबक बसायला लागली की एका मुंजीच्या पंगतीत जिलबी खाताना ती जिलबीबरोबरच बाहेर आली आणि पानात पडली. वाढप्याला बिचाऱ्याला ती ओळखू आली नाही, त्याने तिच्यावर मठ्ठा वाढला. सासरे शांतपणे म्हणाले, "डिझाइनच चुकीचं." दुसरा उपाय म्हणजे शेजारचे चांगले दात कोरून त्यांच्या आधाराने पूल बसवायचा, तो तर त्यांनी ऐकूनही घेतला नाही. "चांगल्या मालाला कानस लावायची? कुठल्या शाळेत शिकलात?" असं विचारून ते त्या वृद्ध माणसाच्या दवाखान्यातून उठून आले.

पुढे पंचाण्णवच्या सुमाराला आमच्या डोंबिवलीत एक तरुण डॉक्टर बाहेरून शिकून आला आणि जबड्यात स्क्रू बसवून दात लावतो अशी बातमी पसरली. मी ती सहज जेवताना सांगितली. सासऱ्यांचा घास हातात राहिला. "स्क्रू?" ते म्हणाले. त्या एका शब्दाने माझी किंमत पंधरा वर्षांत पहिल्यांदा थोडी वधारली. पण लगेच दुसरी शंका आली, "डोंबिवलीत? भोक अर्धं पडल्यावर लाइट गेली म्हणजे?" ठाण्याच्या माणसाला डोंबिवली म्हणजे मेणबत्त्यांवर जगणारी वस्ती वाटते, त्याला आपण काय करणार. दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी डॉक्टरच्या आधी मागच्या गॅलरीतला जनरेटर पाहिला, हलवला आणि मगच पेशंटच्या खुर्चीत बसले. खुर्चीही हलवली. ती हलतेच, तशीच बनवलेली असते, हे पटायला दहा मिनिटं गेली.

डॉक्टर गोड पोरगा होता. त्याने एक बारीकसा करडा स्क्रू तळहातावर ठेवून समजावलं, "काका, हा टायटॅनियमचा. हिरडी उघडून खालच्या हाडात हळूहळू, पाणी सोडत, भोक पाडायचं आणि हा फिरवून बसवायचा. मग साडेतीन महिने थांबायचं. हाड त्याला चहूबाजूंनी धरतं. मग त्यावर दाढ चढवू."

"लॉकनट कुठे लागतो?"

"नाही लागत, काका."

"वॉशर?"

"तोही नाही."

"मग आट्यांना धरून कोण ठेवतं?"

"तुमचंच हाड."

"माझं हाड बासष्ट वर्षांचं आहे, डॉक्टर. त्याची खात्री कोणी दिली?" एवढं म्हणून सासऱ्यांनी खिशातून व्हर्नियर काढलं. दोन आट्यांमधलं अंतर मोजलं, जाडी मोजली, डोळ्याजवळ नेऊन उजेडात फिरवून पाहिला. डॉक्टर घाबरून म्हणाला, "काका, हा नुसता दाखवायचा आहे, खरा सीलबंद असतो." पण सासरे ऐकतच नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेलं काहीतरी आलं होतं. "फिनिश चांगलं आहे," ते हळूच म्हणाले. आणि मग, डॉक्टरला नव्हे, मला विचारलं, "जावईबापू, आता ज्येष्ठ. साडेतीन महिने म्हणजे दिवाळीपर्यंत होईल ना?"

होईल, मी म्हटलं. तेव्हा मला कळलं की हे सगळं स्क्रूच्या प्रेमाने चाललेलं नाही. माळ्यावरच्या डब्यासाठी चाललंय. पण तसं बोलून दाखवण्याची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, आणि मलाही चहा पुन्हा पँटवर नको होता.

दोन स्क्रू बसले. सासऱ्यांनी हूं की चूं केलं नाही, उलट मध्येच हात वर करून, तोंडात नळ्या असताना, ड्रिलचा आवाज बदलल्याची तक्रार केली. दोन्ही स्क्रूंवर हिरडीच्या बाहेर दिसतील अशा बारीक टोप्या बसवल्या. डॉक्टरने घरी जाताना एकच गोष्ट सांगितली, आणि ती तीनदा सांगितली: "काका, आता काही करायचं नाही. मऊ खा, चूळ भरा, आणि त्याला हात लावू नका. त्याला नुसतं राहू द्या." अहो, कुणाला सांगत होता तो! ज्याने आयुष्यात एकही घट्ट केलेली वस्तू तशीच राहू दिली नाही, त्याला! कारखान्यातला नियमच तो. बोल्ट आवळला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा, हातोडीने हळूच ठोकायचा. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर ढिला. तेहतीस वर्षं हे केलेला माणूस आपल्याच तोंडातले दोन स्क्रू कुणाच्या भरवशावर सोडेल?

गणपतीत तपासणीला गेलो. डॉक्टरने चिमटीत पहिली टोपी धरली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. त्याचा चेहरा उतरला, आणि तो म्हणाला, "काका, हे हलतंय."

हा शब्द जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी सासऱ्यांना ऐकवला. मला हसू यायला हवं होतं. पंधरा वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो. आलं नाही.

"तुम्ही हात लावत होतात का?" डॉक्टरने विचारलं.

"तपासत होतो," सासरे म्हणाले.

"कशाने?"

"आधी बोटाने. मग चिमट्याने." खिशातलं व्हर्नियर चाचपलं. "रविवारी हातोडीने. छोट्या."

डॉक्टरने कपाळाला हात लावला नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "काका, हाड सुरुवातीला फार नाजूक असतं हो. आपण हलवत राहिलो की ते धरतच नाही. मध्ये नुसतं मऊ मांस भरतं. हे काढायला लागतील. मग भोक भरून यायला तीन महिने, नवे बसवायचे, पुन्हा साडेतीन."

सासऱ्यांनी बोटांवर महिने मोजले. दिवाळी गेली. संक्रांत, होळी, पाडवा. वर्तकनगरच्या जिन्यात कठड्याला हात लावला, सवयीने हलवायला गेले आणि हात मागे घेतला. त्या दिवाळीलाही डबा माळ्यावरच राहिला. सासूबाईच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी, अहो. पळून का जाणार आहेत कडबोळी?"

संक्रांतीनंतर नवे स्क्रू बसले. या वेळी सासऱ्यांनी जो निग्रह दाखवला तो ऋषिमुनींना जमला नसता. बसल्या बसल्या हात तोंडाकडे जायला लागला की ते तो मांडीखाली घालून वर बसायचे. घरातली हातोडी त्यांनी शेजाऱ्याकडे ठेवायला दिली आणि परत मागितली तरी देऊ नका असं बजावलं. शेजाऱ्याने ते इतकं मनावर घेतलं की होळीला खिळा ठोकायला मीच मागितली तरी दिली नाही. बायको मला म्हणाली, "अरे, बाबा चक्क गप्प बसलेत, मला भीती वाटतेय." भीती खरी ठरली, पण भलतीकडेच. फाल्गुनात एका सकाळी देवाला फुलं वाहताना सासूबाईंच्या उजव्या हातातून ताम्हन खाली पडलं. पक्षाघाताचा हलका झटका, असं हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, बोलणं नीट राहिलं, पाय आठवडाभरात सुधारला. उजव्या हातात जोर मात्र आला नाही. चहाचा कप त्या डाव्या हाताचा आधार देऊन उचलायच्या, तरी बशीवर कप वाजायचा. आयुष्यभर हलणारी प्रत्येक गोष्ट ज्यांच्या नजरेने टिपली, ते सासरे अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे. एवढे टक लावून, की बाहेर काहीतरी चाललंय असं वाटून मीही एकदा डोकावलो. बाहेर वाळत घातलेले कपडे होते.

एका संध्याकाळी गॅलरीत आम्ही दोघंच होतो. ते एकदम म्हणाले, "जावईबापू, तेव्हा मी हात लावला नसता तर गेल्या दिवाळीलाच झालं असतं. तेव्हा तिचा हात चांगला होता." यावर काय बोलायचं असतं? मला बँकेतलं सगळं येतं, हे येत नाही. मी म्हटलं, "बाबा, चहा घेता का?" ते म्हणाले, "घेऊ." त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांची टर उडवल्याची लाजही वाटली. लाज फार टिकली नाही, कारण चहा आल्यावर त्यांनी कपाचा कान जरा वाकडा आहे असं सांगितलंच.

स्क्रू धरले. डॉक्टरने ठोकून पाहिलं तेव्हा आवाज इतका खणखणीत आला की सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. ज्येष्ठातच त्यावर दोन दाढा चढल्या. भाकरी खाल्ली, दाणे खाल्ले, उसाचं कांडं सोललं. हे मात्र डॉक्टरला कळू दिलं नाही. आणि दिवाळीच्या आधी आठवडाभर सासूबाईंनी जाहीर केलं, कडबोळी मीच करणार. कुणी मध्ये यायचं नाही. माझी बायको पीठ मळून देते म्हणाली तर तिला स्वयंपाकघरातून हाकललं. डाव्या हाताने मळलं, उजवा नुसता सोबतीला. दुपारभर बंद दाराआडून पोळपाटाचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मग पुन्हा. सासरे बाहेरच्या खोलीत मांडीखाली हात घालून बसले होते.

पहिल्या अंघोळीनंतर फराळाची ताटं आली. माळ्यावरचा पितळी डबा चिंचेने घासून लखलखीत केलेला. सासूबाईंनी झाकण काढलं आणि मला कडबोळी दिसली. एक बाजू करंगळीएवढी, दुसरी अंगठ्याएवढी. जोड सुटलेले. जाड भाग आतून तळलेलेच नसणार, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. ज्याने चार केसांच्या फरकावरून बोल्टांच्या टोपल्या परत पाठवल्या, त्याला तर आणखी काय काय दिसलं असेल देव जाणे. सासऱ्यांनी त्यातलं सगळ्यांत वेडंवाकडं उचललं, नव्या दाढांखाली घातलं आणि चावलं. आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. सासूबाई पदर हातात घेऊन उभ्या होत्या, पुसायला हात ओले नव्हते तरी.

सासऱ्यांनी जबडा डावीकडे-उजवीकडे फिरवला, गालावर हात धरला, कपाळाला आठ्या घातल्या. "अगं," ते म्हणाले, "टायटॅनियम आहे म्हणून टिकलं. माझी जुनी दाढ असती तर आज गेलीच असती."

"खरंच? मऊ नाहीत ना झाली?"

"ओके," सासरे म्हणाले.

मी हात पुढे केला, जावई म्हणून माझा मान होताच. सासऱ्यांनी डब्यावर झाकण दाबलं आणि डबा मांडीवर घेतला. "तुम्ही चकली घ्या. हे तुमच्या दातांचं काम नाही." मग पाहुणे आले, शेजारी आले, हातोडी सांभाळणारे आले. सगळ्यांना चकली, चिवडा, शंकरपाळे. डब्याला कुणाला हात लावू दिला नाही. सासूबाई ओशाळून सगळ्यांना सांगत होत्या, "इतक्या वर्षांनी मिळालीत ना, अगदी अधाशासारखं करतायत," आणि त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला बघवेना. भाऊबीजेपर्यंत सासऱ्यांनी आख्खा डबा एकट्याने संपवला. अर्धवट कच्ची भाजणी, पोट बिघडलं, मीच ओवा आणून दिला.

ओवा घेताना त्यांनी माझा दंड धरला. मला वाटलं, आता हलवणार. हलवलं नाही, नुसता धरून ठेवला. "ती विचारेल," ते हळू आवाजात म्हणाले. "एक कडबोळं तुम्हालाही दिलं होतं म्हणून सांगा. चावता चावेना म्हणून सांगा."

मी आत गेलो आणि तसं सांगितलं.